सिनेमाचा बाप आणि सिनेमाचा दुकानदार

दरवर्षी २८ डिसेंबरला एक पोस्ट फिरते. १८९५ साली याच दिवशी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी सिनेमाला जन्म दिला, पडद्यावरची आगगाडी अंगावर येतेय असं वाटून लोक किंचाळत पळाले, वगैरे. खाली कोणी तरी लिहितोच, ‘एडिसनला विसरलात?’ मे महिन्यात हाच खेळ आपल्याकडे रंगतो. फाळके की तोरणे? ‘पुंडलिक’ १८ मे १९१२चा, ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३चा, दोन्ही मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेले. मग एक सिनेमा कसा, ते तर चित्रित केलेलं नाटक, इथपासून एकमेकांच्या जातीपर्यंत चर्चा पोचते.

या बापशोधाचा मला मनापासून कंटाळा आलाय. एक तर त्यातली माहितीही धड नसते. त्या दिवशी दाखवलेल्या दहा फिल्म्समध्ये आगगाडी नव्हतीच, आणि ती पाहून लोक पळाल्याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा कुणाला सापडलेला नाही. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १ नोव्हेंबरला, बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये स्क्लाडानोव्स्की बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रं दाखवली होती. त्याही आधी, मे महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये लॅथम पितापुत्रांनी. ‘पहिला’ हवाच असेल तर व्याख्या हवी तशी वाकवा, हवा तो मिळेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पहिली आवृत्ती कोणी लिहिली, यापेक्षा ती दुसऱ्याच्या मशीनवर चालू दिली का, हा आमच्या धंद्यात मोठा प्रश्न असतो. सिनेमाला तो कुणी विचारत नाही. तो विचारला की पुतळ्यांची रांग बदलते.

एडिसनचा किनेटोस्कोप १८९४मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला. (यंत्रामागची बरीचशी मेहनत त्याच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सनची. पण ते नेहमीचंच.) लाकडी पेटी, वर भोक, त्यातून एका वेळी एकानं डोकवायचं. एडिसननं परदेशात त्याचं पेटंट घेतलं नाही. लंडनमध्ये रॉबर्ट पॉल नावाचा विजेची उपकरणं बनवणारा एक तरुण इंजिनियर होता. दोन ग्रीक व्यापारी त्याच्याकडे आले आणि अशाच पेट्या बनवून द्या म्हणाले. इंग्लंडात पेटंट नाही हे कळल्यावर त्यानं बनवल्या, आणि स्वतःसाठीही विकल्या. यावर एडिसनच्या बाजूनं उत्तर आलं : आमच्या फिल्म्स फक्त आमची पेटी घेणाऱ्यालाच. झालं! फिल्म मिळेना म्हणून पॉलनं बर्ट एकर्सच्या साथीनं १८९५मध्ये स्वतःचा कॅमेराच बनवला. गिऱ्हाइकाला कुलूप घातलं की तो शेजारी दुकान टाकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ल्युमिएरांचं यंत्र जास्त देखणं होतं, यात वाद नाही. चित्रण, छपाई, प्रक्षेपण तिन्ही एकाच हलक्या पेटीत, हातानं फिरवायचा दांडा. पण ते १८९७पर्यंत विकायला नव्हतं. ल्युमिएरांची माणसं यंत्र घेऊन जगभर जायची, खेळ करायची, यंत्र घेऊन निघायची. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जे झालं ते हेच. मारिउस सेस्तिए आला, खेळ केले, आणि यंत्रासह ऑस्ट्रेलियाला गेला. आपण ती तारीख अभिमानानं सांगतो. मला त्यात बंदिस्त यंत्राचं फिरतं प्रात्यक्षिक दिसतं.

पॅरिसमधल्या जॉर्ज मेलिएस या जादूगारानं ल्युमिएरांचं यंत्र विकत मागितलं, नकार मिळाला. मग त्यानं लंडनहून पॉलचा प्रोजेक्टर आणला आणि तो खटपटीनं उलटा फिरवून त्याचाच कॅमेरा केला. पॉल प्रोजेक्टर उघडपणे विकत होता म्हणून हे जमलं. त्याचा आणि ल्युमिएरांचा लंडनमधला पहिला खेळ एकाच दिवशी झाला, २० फेब्रुवारी १८९६. त्यातल्या एकाचंच नाव आपल्या पाठ्यपुस्तकी डोक्यात आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न : मग चोरीचं काय? मेलिएसची ‘अ ट्रिप टू द मून’ (१९०२) अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं आणि इतरांनी सर्रास नकला काढून विकली, त्याच्या हाती काही लागलं नाही. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. कलाकाराच्या कामाची नक्कल आणि यंत्राची खुली विक्री या दोन गोष्टी आहेत, इतकंच म्हणतो. आणि नक्कल करणारा कोण, तर पेटंटांवरून प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचणारा एडिसन. १९०८च्या अखेरीस त्यानं इतर बड्यांसोबत मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी काढली. सोळा पेटंट्स एकत्र, ईस्टमनची कच्ची फिल्म फक्त परवानाधारकांना, प्रोजेक्टर वापरायचं भाडं वेगळं. १९१७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की विकलेल्या प्रोजेक्टरवर कोणती फिल्म चालवायची हे पेटंटवाला ठरवू शकत नाही. तोवर ही कंपनी मोडकळीला आलीच होती.

आता फाळके. १९१२मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आले. पैसे दिले, कॅमेरा घेतला, बोटीत बसले. वर्षभरात ‘राजा हरिश्चंद्र’. त्याच्याही कितीतरी आधी सावेदादा भाटवडेकरांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून मुंबईत कुस्ती चित्रित केली होती. यानं फाळक्यांची जिद्द तसूभर कमी होत नाही. पण जिद्द अनेकांकडे असते. लंडनच्या बाजारात कॅमेरा सुटा मिळत होता, हा या कथेतला निम्मा भाग आपण गाळतो, कारण दुकानदारावर बायोपिक निघत नाही.

आणि हे जुनं भांडण नाही. मी एका व्हिडिओ सेवेवर पैसे मोजून ‘विकत’ घेतलेला सिनेमा गेल्या वर्षी खात्यातून गायब झाला. विचारल्यावर उत्तर आलं, की तुम्ही पाहण्याचा परवाना घेतला होता, सिनेमा नव्हे. मेलिएसनं कर्जबाजारी अवस्थेत, १९२३मध्ये, आपल्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. तरी त्याच्या चंद्राची हातानं रंगवलेली एक प्रत १९९३मध्ये बार्सिलोनात निघाली, आणि दुरुस्त होऊन २०११मध्ये कानला दाखवली गेली. त्या काळी प्रत फुटाच्या भावानं विकली जायची. घेतली की ती घेणाऱ्याची, आणि ती परत बोलावून घ्यायची सोय मेलिएसकडेही नव्हती.