मारल्यावर मूल जातं कुठे?

‘आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचं काय बिघडलं?’ मुलांना मारावं की नाही हा विषय आमच्या वयाच्या आईबापांमध्ये निघाला की हे वाक्य येतंच. म्हणणाऱ्याला चांगली नोकरी असते, घराचे हप्ते वेळेवर जात असतात, गावी आईला दर रविवारी फोनही होतो. मग वाद कशाला, म्हणून विषय तिथेच मिटतो.

मला तो मिटवावासा वाटत नाही. आपण मार खाल्ला ते घर वेगळं होतं, हे त्या वाक्यात सुटून जातं.

माझं गाव हळर्ण, पेडणे तालुक्यातलं. शापोरा नदीकाठचा जुना किल्ला ही त्याची बाहेरच्यांना असलेली ओळख. आमच्याकडे दारामागे पेरूची शिंपटी असायचीच. पण पाठीवर ती पडली की पोर धावत सुटायचं ते आजीकडे. आजी नसली तर काकीकडे, नाहीतर शेजारच्या घरात. तिथे कुणीतरी डोळे पुसायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचं आणि वर आईलाच ऐकवायचं, ‘पुरे आता, पोर आहे ते.’ मारणारं माणूस एक आणि जवळ घेणारी चार. अजूनही चवथीला सगळे गावी जमलो की हे दिसतं. माटोळीला बांधलेलं फळ कुणी ओढलं, बापाचा हात वर गेला, की मध्ये कुणाचा तरी पदर येतो.

पुणे, बेंगळुरू नाहीतर दुबईच्या फ्लॅटमध्ये ही सोय नाही. तीन वर्षांच्या मुलाला आईने फटका दिला तर ते रडत रडत आईलाच बिलगतं. आपल्याला वाटतं, बघा, किती पटकन विसरलं! ते विसरलेलं नसतं, त्याला जायला दुसरी जागाच नसते. जिची भीती वाटली तिच्याकडेच आधार मागायचा, हा पेच मोठ्या माणसालाही सुटणार नाही.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचं सांगितलं. घरात ज्यांनी तो सोसला, त्यांच्यापैकी ८८.६ टक्के मुलांच्या बाबतीत मारणारे आईवडीलच होते.

शाळेच्या बाबतीत गोव्याने तोवर पाऊल उचललं होतं. २००३ च्या गोवा बाल कायद्याने सगळ्या शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी आणली. केंद्राचा शिक्षण हक्क कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. घराच्या उंबरठ्यावर मात्र कायदा थबकतो. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे १८६० च्या दंड संहितेतलं कलम नव्या न्याय संहितेतही आहे. गंभीर इजा करण्याची मुभा त्यात नाही, एवढंच. स्वीडनने घरातल्या माराला १९७९ मध्येच बंदी घातली आणि लोकांना कळावं म्हणून ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. आज असे साठाहून जास्त देश आहेत. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथला कायदा एकदा पाहून ठेवलेला बरा.

माराचा परिणाम काय होतो? एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले. एक लाख साठ हजारांवर मुलं त्यात येतात, आणि विषय होता साधा चापट मारण्याचा, अमानुष मारहाणीचा नव्हे. चापट जितकी जास्त, तितका मुलाचा आक्रमकपणा, मनाचे त्रास आणि आईबापांशी तुटलेपणही जास्त, असं त्यांना दिसलं. मुळात हट्टी मुलंच जास्त मार खात असतील, अशी शंका मलाही आली होती. पण मुलाचं आधीचं वागणं हिशेबात धरून केलेले अभ्यासही बहुतेक तेच सांगतात.

आमच्या धंद्यात एक वाईट सवय असते. प्रोग्राम एरर दाखवतो, तर चूक शोधायची सोडून एरर दाखवणंच बंद करायचं. स्क्रीन स्वच्छ, चूक आत तशीच. मार हेच करतो. दोन वर्षांच्या मुलाला ‘नाही’ कळतं, पण हात आवरण्याची ताकद त्याच्या मेंदूत अजून आलेली नसते. माराने ती लवकर येत नाही. जरा मोठं झाल्यावर मूल एवढं शिकतं की आईबाबांना कळू द्यायचं नाही. फुटलेला कप सोफ्याखाली जातो. तेराव्या वर्षी मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाचा घाणेरडा मेसेज आला, तर तोही असाच सोफ्याखाली जाणार. मला भीती आहे ती याची.

कुणी ‘श्यामची आई’ पुढे करतं. पोहायला जात नाही म्हणून तिनेही श्यामला शिंपटीने मारलंच की! मारलं खरं. पण नंतर त्याला जवळ घेऊन का मारलं ते तिने सांगितलं, ते पान आपण सोयीने उलटतो.

आता हात उचलायच्या आधी काय करायचं, तर लहान मुलापुरतं उत्तर कंटाळवाणं आहे. हात धरायचा, वस्तू उचलून ठेवायची, दोन शब्दांत सांगायचं, आणि हे पन्नास वेळा करायचं. हात उठलाच, तर मूल शांत झाल्यावर जमिनीवर बसून त्याच्या उंचीला यायचं आणि ‘मी मारायला नको होतं’ म्हणायचं. ‘पण तूसुद्धा ना...’ हे पुढे जोडायचं नाही.

घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने त्या वेळी आजी व्हावं. आईबाबांनी मुलासमोर एकमताने वागावं असं सगळे सांगतात. नियमांपुरतं ठीक आहे, माराच्या बाबतीत मला ते पटत नाही. बाबांनी मारलं तर आईने सरळ उठून मुलाला उचलावं. आणि गावच्या आजीला व्हिडिओ कॉल लावून मुलाला तक्रार करायची असेल, तर करू द्या. ती आपल्यालाच ओरडेल, ओरडू दे.