लेझरचा बोलबाला, वायूची कसोटी

टेबलावर मावेल असा कणप्रवेगक आता दृष्टिपथात आला, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी वाचनात येते. स्टॅनफर्डचा सरळ रेषेतला प्रवेगक ३.२ किलोमीटर लांबीचा आहे. त्यामुळे असे काही वाचले की मीही हरखतो. या बातम्यांत कौतुक असते ते लेझरचे. मला मात्र खरी मेख वायूत दिसते.

मूळ कल्पना १९७९ मधली, ताजिमा आणि डॉसन या शास्त्रज्ञांची. नाव वेगाने गेली की मागे पाण्यात लाट उठते. तसाच लेझरचा क्षणिक स्पंद वायूत शिरला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, वायूचा प्लाझ्मा होतो आणि स्पंदामागे विद्युत-लाट धावू लागते. तिच्यावर स्वार झालेला इलेक्ट्रॉन काही सेंटिमीटरांत जी ऊर्जा मिळवतो, तिच्यासाठी नेहमीच्या यंत्रात शेकडो मीटर लागतात.

आता हा वायू किती दाट हवा? दाट असेल तर लाट जोरकस, पण तिची चाल मंद. इलेक्ट्रॉन लवकरच तिच्या पुढे निघून जातो. विरळ असेल तर शर्यत लांबते, पण लाट दुबळी पडते आणि इलेक्ट्रॉन तिच्यात सापडणेच कठीण होते. म्हणून घनतेला घाट द्यावा लागतो. स्वनातीत वेगाने सुटणाऱ्या वायूच्या फवाऱ्यात एक पाते आडवे धरतात. तिथे घनता एकदम उतरते, लाट ताणली जाते आणि इलेक्ट्रॉन नेमके त्याच जागी पकडले जातात. दुसरी युक्ती नीलमण्याच्या नळीची. मिलिमीटरहून बारीक भोकात हायड्रोजन भरून वीज सोडली की मधला वायू तापून विरळ होतो, कडेचा थंड आणि दाट राहतो; लेझर न पसरता मधूनच जातो. अमेरिकेतल्या बर्कलीत २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरांत १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले, २०१९ मध्ये २० सेंटिमीटरांत ७८० कोटी. दुसऱ्या वेळी आणखी एका लेझरने मधला वायू आधीच जास्त तापवून घेतला होता!

पण घाट दिला, तो जमला की नाही हे कळावे कसे? उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरचे दृश्य थरथरते, कारण हवेच्या घनतेनुसार प्रकाश वळतो. प्रयोगशाळेत तेच होते. एका प्रकाशकिरणाचे दोन भाग करायचे, एक वायूतून न्यायचा, पुन्हा एकत्र आणायचे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या किती सरकल्या ते मोजायचे. हेलियम इतका पारदर्शक, की पट्ट्या जेमतेम हलतात. म्हणून त्याच तोटीतून आठपट परिणाम दाखवणारा आरगॉन सोडतात आणि त्यावरून हेलियमचा अंदाज बांधतात. दोन्ही एकाणू वायू असल्याने हा अंदाज चालतो. तरी प्रत्यक्ष प्रयोगाच्या क्षणी वायू तसाच होता, हे गृहीतच धरावे लागते.

आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही या विषयावर काम चालते. कुठलीही अशी बातमी आली की उच्चांकाआधी मी एकच गोष्ट पाहतो: तोच किरण पुन्हा किती वेळा निघाला? रुग्णालयात रोग्याला द्यायचा किरण आज एक आणि उद्या दुसरा असून चालणार नाही. या दृष्टीने मला बर्कलीच्या उच्चांकापेक्षा हॅम्बुर्गची २०२० मधली बातमी मोठी वाटते. तिथे एका दिवसाहून अधिक काळ सलग यंत्र चालवून सुमारे एक लाख किरण काढले गेले. ऊर्जेत चढउतार होतेच. त्यांचा माग काढला तेव्हा बराचसा दोष लेझरच्या बारीकसारीक डळमळीचा निघाला, हेही माझ्या मताविरुद्ध असले तरी सांगितले पाहिजे.