जिल्ह्याचं ठिकाण होता होता राहिलेली पणजी

गोवा म्हणजे 3,702 चौरस किलोमीटरचं, देशातलं सर्वांत लहान राज्य. दरडोई उत्पन्नात मात्र कायम वरच्या रांगेत. त्याची राजधानी पणजी. पण ती पहिल्यापासून राजधानी नव्हती.

पोर्तुगीजांची राजधानी होती जुनं गोवं. साथीच्या रोगांनी ते ओस पडलं. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीत, आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. पुढे दलदल बुजवून रस्ते आखले गेले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

1961 ला गोवा मुक्त झाला. मग प्रश्न आला, महाराष्ट्रात जायचं का? 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला आणि 34,021 मतांनी विलीनीकरण हरलं. नाहीतर आज पणजी आपल्या सातारा-सांगलीसारखं जिल्ह्याचं ठिकाण असती.

आता विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीत आहे आणि नदीत कॅसिनोची जहाजं. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत नाव आलं, रस्ते खोदले गेले. तरी जोराचा पाऊस झाला की सखल भागात पाणी साचतंच.

कारण साधं आहे. दलदल बुजवली, तरी पाणी आपली जागा विसरत नाही. रोगराईनं एक राजधानी गेली, हे पणजीनं तरी विसरू नये.