जेली हलाल आहे, पण समुद्राचं काय?

रमजान जवळ आला की नंदनवन, हसनबागच्या किराणा दुकानांत चायना ग्रासची मागणी वाढते. इफ्तारच्या दस्तरखानावर दुधाची जेली हवीच, आणि जिलेटिन नको. जिलेटिन कोणत्या जनावराचं, कसं जबह केलेलं, याची खात्री नसते. म्हणून आपल्या घरात पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लागली आहे. 406 म्हणजे अगर, हेच आपलं चायना ग्रास. 407 म्हणजे कॅराजीनन. ते आइस्क्रीम, फ्लेवर्ड दूध, तयार जेली यांत असतं. दोन्ही समुद्री शेवाळापासून बनतात. वनस्पतीच ती, खाण्याबद्दल शंका नाही. प्रश्न वेगळा आहे: ते शेवाळ कोणत्या पाण्यात वाढलं आणि तिथे काय मेलं?

भारतात अगरसाठी लागणारं शेवाळ बरंचसं तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावरच्या बायका पाण्यात बुडी मारून हाताने काढत आल्या आहेत. ते शेवाळ तिथलंच. कॅराजीननची गोष्ट मात्र निराळी. त्यासाठी कप्पाफायकस नावाचं मूळ फिलिपाइन्सकडचं शेवाळ आणलं गेलं. 1990च्या दशकात मंडपमला सरकारी प्रयोग झाले आणि 2000च्या सुमारास पेप्सीकोने त्याची व्यापारी शेती सुरू केली. बांबूचे तराफे, त्याला बांधलेल्या दोऱ्या, दीड महिन्यात पीक. बचत गटांच्या बायकांच्या हातात रोख पैसा आला, हे नाकारता येणार नाही.

पण दोरी तुटली की तुकडा वाहत जातो आणि जिथे अडकेल तिथे वाढतो. मन्नारच्या आखातातलं 21 बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे. 2005मध्ये तामिळनाडू सरकारने ही शेती उद्यानापासून दूर, पाल्कच्या बाजूला ठेवायचा आदेश काढला. तरी 2008मध्ये कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर हे शेवाळ पसरल्याचं मदुराई कामराज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. नंतर शेजारच्या बेटांवरही ते सापडलं. वनखातं ते हाताने उपटतं, पण एखादा तुकडा मागे राहिला की पुन्हा वाढ सुरू.

प्रवाळ दगडासारखं दिसत असलं तरी तो पाठीचा कणा नसलेला जिवंत प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म जीव उन्हावर अन्न तयार करतात आणि प्रवाळ त्यावर जगतं. वर शेवाळाची जाड गादी बसली की ऊन बंद. त्या फटींत राहणारे खेकडे, शिंपले, गोगलगायी यांचंही घर जातं आणि मग मासे तिथे येईनासे होतात.

काही शेवाळं तर थेट विष वापरतात. फिजी आणि पनामात झालेल्या अभ्यासात (2010) दिसलं की काही शेवाळं नुसती टेकली तरी त्यांच्या पृष्ठभागावरच्या रसायनांमुळे प्रवाळ पांढरं पडतं. 1984मध्ये मोनॅकोजवळ सापडलेलं कॉलर्पा शेवाळ भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. त्यातल्या विषामुळे शेवाळ खाणारे समुद्री अर्चिनसुद्धा त्याला टाळतात. कप्पाफायकस तसं विषारी म्हणून ओळखलं जात नाही, ते गुदमरवून मारतं. एवढा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर उद्या कुणी जेलीत जहर आहे असा व्हॉट्सॲप मेसेज फिरवायचा. जेलीत जहर नाही.

हवाईमध्येही हेच शेवाळ 1970च्या दशकात शेतीच्या प्रयोगासाठी आणलं होतं. आज तिथलं सरकार पंपाने ते ओढून काढतं आणि अर्चिन वाढवून त्यावर सोडतं. म्हणजे आणताना खर्च कमी, काढताना पिढ्यान् पिढ्या.

हे आत्ता बोलायचं कारण असं की 2020च्या मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी सुमारे 640 कोटी ठेवले गेले आणि 2024मध्ये केंद्राने जिवंत शेवाळ आयातीचे नियम काढले. त्यात क्वारंटाइन आहे, जोखमीची तपासणी आहे, नंतरची देखरेखही आहे. कागदावर ठीक आहे. मात्र परवाना चार आठवड्यांत द्यायचा, हा त्यातला भाग मला खटकतो. एखादं शेवाळ परक्या पाण्यात कसं वागेल हे महिन्याभरात कळत नाही. मन्नारमध्ये ते कळायला कित्येक वर्षं गेली.

नागपूरला समुद्र नाही, मग आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. कोकणात आपलेच लोक आहेत. रत्नागिरी पट्ट्यातले दालदी मुसलमान पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगतात, आणि मालवणला 1987पासून सागरी अभयारण्य आहे, तिथेही प्रवाळ आहे. उद्या तिथे तराफे उतरले, तर पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात दोऱ्या किती टिकतील? तुकडे मालवणच्या खडकांवर गेले तर काढायचा खर्च कुणाचा? तराफ्याची बाई तर तो देऊ शकणार नाही. परवाना देतानाच कंपनीकडून साफसफाईची रक्कम आगाऊ ठेवून घ्यावी, आणि बियाणं शक्यतो त्याच किनाऱ्यावरच्या शेवाळाचं असावं. स्थानिक जातींचं उत्पन्न कमी येतं म्हणतात. येऊ द्या, आइस्क्रीम दोन रुपयांनी महाग होईल.

आपण हलालसोबत तय्यबही म्हणतो. 407 हा आकडा पहिल्या शब्दाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर पाकिटावर छापलेलंच नसतं, आणि ते छापा अशी मागणी आजवर आपल्या कुठल्याही ग्राहक बैठकीत मी तरी ऐकलेली नाही.