शेवटची एसटी आणि अधिसभा

माझी लेक वैरागहून एसटीने बार्शीच्या कॉलेजला जाते. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट टाकून स्टँडकडे पळते. मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली बार्शीत शिक्षणसंस्था काढली ती खेड्यातल्या पोरांसाठीच ना?

म्हणून मी सोलापूर विद्यापीठाच्या अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, निवडणुकीला उभी राहणार आहे. अधिसभा तासांचं वेळापत्रक लावत नाही, हे मला माहीत आहे. पण तिथे अंदाजपत्रकावर बोलता येतं, प्रश्न विचारता येतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने पदवीधरांना तिथे १० जागा दिल्या आहेत. मात्र नाव नोंदवल्याशिवाय मत नाही, आणि आमच्या गल्लीत नोंदणी कुणी केलेलीच नाही.

ट्रंकेतली पदवी बाहेर काढा. अर्ज भरायला मी घरी येते.