फळ्यावरचा आकडा

मालिकेतली बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चेहरे येतात. एक सदा डोळ्यांत पाणी असलेली सोशिक सून, दुसरी भुवई उडवून कट शिजवणारी जाऊबाई. पहिल्या भागातच कळतं, कुणासाठी हळहळायचं आणि कुणाच्या नावानं बोटं मोडायची. मैत्रिणींनो, आज मी ज्या बाईबद्दल लिहिणार आहे तिच्याबाबतीत हे शेवटपर्यंत ठरत नाही.

तिचं नाव लॉरा रोझलिन. ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ या अमेरिकन विज्ञान मालिकेतली ही राष्ट्राध्यक्ष. २००३ साली सुरुवातीचा दीर्घ भाग आला आणि २००९ मध्ये मालिका संपली. मेरी मॅकडॉनेल या अभिनेत्रीनं ही भूमिका केली. अंतराळयानं, यंत्रमानव वगैरे ऐकून ‘हे आपल्यासाठी नाही बाई’ म्हणू नका. यानं बाजूला ठेवली तर उरतं ते घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला ओळखीचं आहे.

गोष्ट अशी. माणसांच्या बारा वसाहती आहेत. माणसांनीच घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव एके दिवशी त्यांच्यावर अण्वस्त्रं टाकतात. अब्जावधी लोक मरतात, उरतात सुमारे ५० हजार, तेही जहाजांच्या ताफ्यात जीव मुठीत धरून पळणारे. रोझलिन तेव्हा शिक्षणमंत्री असते, मूळची शाळामास्तरीण. सत्तेच्या वारसांच्या यादीत तिचा नंबर ४३वा! वरचे सगळे गेले म्हणून खुर्ची तिच्याकडे येते. आणि त्याच सकाळी डॉक्टरांनी तिला सांगितलेलं असतं की स्तनाचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय.

तिच्या कार्यालयात एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत माणसांचा आकडा ती स्वतःच्या हातानं लिहिते. कुणी गेलं की पुसून कमी करते. एका जहाजावर बाळ जन्मल्याची बातमी येते तेव्हा आकड्यात एक वाढवताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते बघण्यासारखं आहे. पण हाच आकडा पुढे तिच्याकडून काय काय करवून घेतो!

मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एक कोवळी मुलगी आईबापांपासून लपून ताफ्याच्या मुख्य जहाजावर येते. तिला गर्भपात हवाय, घरच्यांच्या धर्माला तो मान्य नाही. रोझलिननं आयुष्यभर बाईच्या देहावर बाईचाच हक्क, ही बाजू मांडलेली. पण शास्त्रज्ञ गणित मांडतो की असंच चाललं तर १८ वर्षांत मानवजात संपेल. रोझलिन त्या मुलीला तिचा निर्णय घेऊ देते, आणि लगेच पुढच्या सगळ्यांसाठी गर्भपातावर बंदी घालते.

हे निव्वळ कल्पनेतलं वाटतं का? रुमानियात १९६६ साली चाउशेस्कूच्या राजवटीनं लोकसंख्या वाढवायची म्हणून हेच केलं होतं. पुढच्या वर्षी जन्मदर जवळपास दुप्पट झाला, सरकार खूश. नंतरच्या वर्षांत चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या, अनाथाश्रम ओसंडून वाहिले. राजवट कोसळल्यावर, १९८९च्या अखेरीस, ती बंदी उठली. आपल्याकडे आणीबाणीत मोजणी उलट्या दिशेनं झाली, नसबंदीचे कोटे पुरे करण्यासाठी माणसं पकडून नेली. आकडा वाढवायचा असो की घटवायचा, सरकारनं फळ्यावर लिहिलं की कुणाच्या तरी अंगावर येतंच. म्हणून रोझलिनची बंदी मला पटत नाही. तिची अडचण कळते, बंदी पटत नाही.

तरीही माझ्या मनातून जात नाही ती दुसरी गोष्ट. शेरन नावाची एक सायलॉन स्त्री आहे, दिसायला, वागायला अगदी माणसासारखी. माणूस असलेल्या हेलोपासून तिला दिवस जातात. हे मूल धोक्याचं, म्हणून गर्भ पाडायचा आदेश खुद्द रोझलिन देते. ती स्वतः तेव्हा मरणाच्या दारात असते. आणि कळतं काय, तर त्या गर्भाच्या रक्तानंच तिचा कॅन्सर बरा होऊ शकतो. होतोही. जिला जन्म नाकारला, तिनंच हिला जगवलं.

पुढे मुलगी जन्मते, हेरा नाव. रोझलिन बाळ पळवते, दुसऱ्या एका बाईच्या ओटीत घालते, आणि आईबापांना सांगितलं जातं की बाळ गेलं. गर्भपातबंदीचा भाग आणि हा भाग एकामागोमाग आहेत बरं का. मालिका काही बोलत नाही, नुसती दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते. पोरं हवीत म्हणून कायदा करणारी हीच बाई एका आईच्या कुशीतलं पोर काढून घेते.

रोझलिनकडे याचं कारण आहे, ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’. महिलांच्या प्रश्नांवर काम करताना हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय! तिच्या भल्यासाठी शाळा सोडवली, तिच्या भल्यासाठी तिला सांगितलं नाही. बोलणारी माणसं दुष्ट असतात असं नाही, बहुतेकदा जीव लावणारीच असतात. पण तिला कुणी विचारलेलं नसतं. शेरनला पुढे खरं कळतं तेव्हा ती मुलीसाठी नवऱ्याच्या हातून गोळी खाते. सायलॉन मेला की त्याचं मन शत्रूच्या जहाजावर दुसऱ्या देहात जागं होतं, मूल तिथेच असतं, म्हणून.

निवडणुकीतही ही बाई मतांची फिरवाफिरवी करू पाहते. लष्करप्रमुख अडामा तिला थांबवतो, ती हार मान्य करते. निवडून आलेला बाल्टर लोकांना एका ग्रहावर वसवतो, वर्षभरात सायलॉन येऊन तो ग्रह ताब्यात घेतात. म्हणजे तिचं फसवणं यशस्वी झालं असतं तर माणसं वाचली असती! आता काय म्हणायचं? त्या ग्रहावर ती पुन्हा तंबूत मुलांची शाळा घेते. मला ती तिथे सगळ्यांत सुखी वाटली.

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा झाली, मानवी हक्क, दहशतवाद, युद्धातली मुलं असे विषय घेऊन. मॅकडॉनेलबाई तिथे हजर होत्या. सासू-सुनांच्या मालिकांवर असं कुणी बोलावणार नाही, हे मान्य करू या. आपल्याकडच्या लेखकांना बाई एकतर देव्हाऱ्यात हवी, नाहीतर उंबऱ्याबाहेर.

शेवटच्या भागात कॅन्सर परत आलेला असतो. पळवून नेलेल्या हेराला सोडवायला सगळं जहाज पणाला लागतं. अंगात त्राण नसलेली रोझलिन जखमींच्या खोलीत मदतीला उभी राहते, आणि गोळीबार चालू असताना बोळाबोळांतून त्या मुलीला शोधत धावते. शेरनही धावत असते, दुसऱ्या बाजूनं.