लाथ वेगळी, चितपट वेगळी

‘पंचाने निकालच चुकीचा दिला, मग लाथ बसणारच ना राव!’

2 फेब्रुवारी 2025 नंतर हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, राहुरी स्टँडजवळच्या टपरीवर आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. महाराष्ट्र केसरीचा विषय निघाला की आजही कोणीतरी ते टाकतंच. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

ज्यांना प्रकरण माहीत नाही (असे लोक असतात, माझ्या टीममध्येच चार आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर 67वी महाराष्ट्र केसरी. आमच्या राहुरीपासून चाळीसेक किलोमीटरवर, त्यामुळे निम्मं गाव तिकडेच. गादी विभागाची अंतिम लढत, डबल महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी पृथ्वीराजला चितपटीवर विजयी घोषित केलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढला, शिवराजने पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. पुढे महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड एका गुणाच्या निर्णयावर चिडून, काही सेकंद शिल्लक असताना, मॅट सोडून निघून गेला. पृथ्वीराजला चांदीची गदा आणि थार, शिवराज आणि महेंद्र दोघांना 3-3 वर्षांची बंदी.

आता माझं म्हणणं. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. दोन वेगवेगळे बग येतात, दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतात, आणि कोणीतरी शहाणा एकाला ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करून टाकतो. सहा महिन्यांनी तोच बग प्रॉडक्शनमध्ये रात्री दोन वाजता उठवतो. वाडिया पार्कवरचे तिकीटही दोन होते. एक, चितपट बरोबर होती का? दोन, पंचाला लाथ मारली का? आपण महाराष्ट्राने एकमताने दोन्हींचं एक तिकीट करून टाकलं. शिवराजचे चाहते म्हणतात, चितपट चूक म्हणून लाथ माफ. लाथेने हादरलेले म्हणतात, लाथ घातली ना, मग चितपटीबद्दल बोलायचं नाही. दोन्ही बाजू सारख्याच आळशी.

आधी लाथेचं घेऊ, ते सोपं आहे. पंचावर हात उचलला की विषय संपला. ‘पण’ नाही, ‘वर्षभराची मेहनत’ नाही, ‘पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ तर मुळीच नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या आंखेल मातोसने तायक्वांदोच्या कांस्यपदकाच्या लढतीत स्वीडिश पंचाच्या तोंडावर लाथ मारली. तो सिडनी 2000 चा सुवर्णविजेता होता, तरी त्याच्यावर आणि त्याच्या कोचवर आजन्म बंदी. मे 2022 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिकने पंचावर हात टाकला, भारतीय कुस्ती महासंघाने आजन्म बंदी घातली. आपल्याकडे 3 वर्षं. आणि तीही जास्त वाटणारे लोक आहेत! चंद्रहार पाटलांसारखा माजी डबल महाराष्ट्र केसरी तर पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या असं बोलून बसला. 2009 मध्ये आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं आहे. असेलही. पण दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी तालुक्याच्या निवड चाचणीत शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पंचाने हे ऐकून काय करायचं? घरी जायचं? जानेवारी 2023 ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेच्या चार गुणांवरून केवढा गदारोळ झाला, पंचांना धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. गंमत बघा, तेव्हा ज्या महेंद्रच्या बाजूने गुण गेले म्हणून आरडाओरड झाली, तोच महेंद्र 2025 ला आपल्यावर अन्याय झाला म्हणून मॅट सोडतो. अन्याय पाळीपाळीने सगळ्यांवर होतोय म्हणायचा.

आणि इथूनच दुसरं तिकीट सुरू होतं. सगळ्यांनाच अन्याय झाल्यासारखं का वाटतं?

आंतरराष्ट्रीय नियमांत गुणांवर चॅलेंज घेता येतं, चितपटीवर घेता येत नाही. वरवर बघता हे अजब वाटतं, पण त्यामागे विचार आहे. चितपट एकट्या माणसाने द्यायचीच नसते. मॅटवरचा पंच, बाजूला बसलेला जज आणि मॅट चेअरमन असे तिघं असतात. पंचाला खांदे टेकलेले दिसले तरी बाकी दोघांपैकी एकाची सहमती मिळाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. म्हणजे तपासणी आधीच झालेली असते, म्हणून नंतर चॅलेंज नाही. कोड रिव्ह्यूसारखंच. रिव्ह्यू झाल्याशिवाय मर्ज नाही, आणि मर्ज झाल्यावर रडारड नाही.

छान. मग पुढे काय झालं? लाथेच्या प्रकरणानंतर चौकशी समिती बसली आणि त्या पंचांवरही 3 वर्षांची बंदी आली. तुम्ही म्हणाल, झाला की न्याय. कसला? पहिली गोष्ट, निकाल होता तसाच राहिला. गदा गेली ती गेली. दुसरी, नियमाप्रमाणे चितपटीला दुसरी सहमती लागते, तर ती सहमती देणारा कोण आणि त्याचं काय? रिव्ह्यू न करता ‘ॲप्रूव्हड’ दाबणारे आमच्याकडे पण असतात, पण निदान त्यांचं नाव सिस्टीममध्ये दिसतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. मारणाऱ्याला 3 वर्षं, ज्याने मार खाल्ला त्यालाही 3 वर्षं, आणि नुसता मॅट सोडून गेला त्यालाही 3 वर्षं! हिंसा, चूक आणि चिडचिड यांना एकच भाव. ही शिस्त नव्हे, हा राउंड फिगरचा हिशोब आहे.

आमच्या सिडनीच्या क्लायंटमुळे मला रग्बी लीगची थोडी ओळख झाली. तेरा-तेरा जणांचा धसमुसळा खेळ, मारामारी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कौतुकाने बघितली जायची. 2013 च्या स्टेट ऑफ ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात पॉल गॅलनने नेट माइल्सला ठोसे मारले, आणि पंचाने त्याला बाहेरसुद्धा काढलं नाही. त्यावर बराच गहजब झाल्यावर लीगने जाहीर करून टाकलं, ठोसा मारला की सिन बिन. म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर, तोवर तुमचा संघ बारा जणांवर. पुढच्याच सामन्यात दोन्हीकडचे मिळून चार खेळाडू बाहेर बसले! शिक्षा आधी सांगितलेली, जागच्या जागी दिलेली, आणि तिची किंमत संघाने मोजलेली. मोठ्या गुन्ह्याची प्रत सामन्यानंतर वेगळी समिती ठरवते आणि त्या प्रतीप्रमाणे शिक्षा ठरते. पंचाला तर बंकर नावाची खोली आहे, तिथे बसलेले लोक व्हिडिओ बघतात आणि तोच व्हिडिओ प्रेक्षकही बघतात. निर्णय चुकत नाहीत असं अजिबात नाही. चुकतात, लोक शिव्याही देतात. पण ‘का दिला’ हे माहीत असताना शिव्या देतात.

आपल्याकडे गावच्या हगाम्यात हे वेगळ्या रीतीने होतंच की. आमच्या भागात जत्रेच्या हगाम्यात कुस्ती मातीत होते, चारी बाजूंनी लोक, पाठ टेकली की हजार माणसांना एकदम दिसते. वाद झाला तर जाणती मंडळी मध्ये पडून पुन्हा लावतात नाहीतर बरोबरीत सोडवतात. तिथे पंच म्हणजे गावाने मानलेला माणूस. गादीवर आल्यावर आपण नियम आंतरराष्ट्रीय घेतले, पण गावासमोर निकाल लागायचा तो भाग मातीतच ठेवून आलो.

त्यात संघटना दोन. फेब्रुवारीत नगरला एक महाराष्ट्र केसरी झाला, मार्चच्या शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतला दुसऱ्या गटाची स्पर्धा होऊन सोलापूरचा वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन! अशा ठिकाणी एका गटाच्या बंदीला दुसऱ्या गटाने काय म्हणून भ्यायचं?

काही अवघड मागत नाहीये. पंचाला हात लावला की आजन्म बंदी, हे स्पर्धेआधी छापून प्रत्येक मल्लाची सही घ्या. चितपट दिली की सहमती कोणाची होती ते तिथेच माइकवरून सांगा. आणि पुढच्या मिनिटाला ती क्लिप दोन कोनांतून मोठ्या पडद्यावर लावा. पडदा भाड्याने येतोच, पाहुण्यांचे सत्कार मागच्या रांगेला दिसावेत म्हणून.